ताकदीची गोळी

छकुले,

दवाखान्यातली तुझी ती ताई चारला घरी येतेय. मी मुद्दाम बाहेर जातोय. मी असलो की तुम्ही दोघी हवापाण्याच्या गप्पा मारता.

नऊ वर्षं रोज सकाळी तुला गोळी मी दिली. महिनाभर बंद केलेली गोळी तू पुन्हा सुरू केलीस, ती मात्र तिच्या शब्दावर. माझा जळफळाट होतो, लपवत नाही. पण तिने 'एचआयव्ही' असं सरळ सांगितलं, वर स्वतःचीही गोळी दाखवली. मी 'ताकदीची गोळी' म्हणत राहिलो. चुकलंच माझं.

बिस्किटं वरच्या डब्यात आहेत. मऊ पडलेली तिला दिलीस तरी हरकत नाही.

उद्यापासून गोळी खऱ्या नावाने देईन. अडखळलो तर हसू नकोस, आणि तिला तर मुळीच सांगू नकोस.

– आजोबा