डॉक्टरीणबाईंचा प्रश्न

मंगळवार, १२ मार्च

प्रिय ताई,

नमस्कार. एवढ्या वर्षांनी माझं अक्षर बघून दचकली असशील. इकडे सगळे बरे आहेत. मी अजून पडद्यांच्या कारखान्यात शिलाईवरच आहे, आता चष्मा लागलाय एवढंच.

चिमी आठ वर्षांची झाली. लाघवी आहे, कुणाच्याही गळ्यात पडते. पण सोमवारी पाठ झालेला पाढा मंगळवारी साफ पुसलेला. चप्पल घालून ये म्हटलं, की दारापर्यंत जाऊन विसरते. शाळेतल्या बाई म्हणाल्या, "लक्षच देत नाही." मीही धपाटे घातले, ताई.

शेवटी मेंदूच्या डॉक्टरीणबाईंना दाखवलं. त्यांनी सरळ विचारलं, "गरोदरपणात दारू घेत होतात?"

हे शेजारीच बसले होते. मी "नाही" म्हणाले.

हे म्हणाले, "हिची बहीण प्यायची. घरात बाटल्या सापडल्या, तेव्हापासून तिला उंबरा ओलांडू दिला नाही."

"बहिणीच्या पिण्याने बाळाला काही होत नाही," बाई म्हणाल्या. "आईने घेतलेली मात्र रक्तातून बाळापर्यंत पोचते. मेंदू नऊही महिने घडत असतो."

आठवडाभर मी पडदे उलटे शिवत होते. पाचवा महिना होता की सहावा? रोज दोन ग्लास की तीन? आई गेल्याच्या दुःखाने प्यायले, की ते निमित्त होतं? खरंच कळत नाही. बाटल्या सापडल्या तेव्हा तू "माझ्या आहेत" म्हणालीस आणि मी खाली मान घालून उभी राहिले. तू मला वाचवलंस की बुडवलंस, तेही कळत नाही.

काल एकटीच जाऊन डॉक्टरीणबाईंना खरं सांगून आले. बाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "किती घेतली म्हणजे किती इजा, हे नेमकं कुणालाच सांगता येत नाही. झालेलं पुसता येणार नाही. पण तिला कसं शिकवायचं, ते आता ठरवता येईल." एका वेळी एकच गोष्ट सांगायची, तीही चित्र काढून. आळशी म्हणायचं नाही.

संध्याकाळी यांनाही सांगितलं. ते चिमीची वही चाळत राहिले. मग "म्हणजे ताईंना आपण उगाच..." एवढं बोलून बाहेर निघून गेले. आज सकाळी त्यांनी चिमीची वेणी घातली. माझ्याशी अजून बोललेले नाहीत.

आणि चिमी विचारते, "आई, मलाच का विसरायला होतं?" तिला काय सांगू? कधी सांगू?

उत्तर नाही आलं तरी चालेल, असं लिहिणार होते. पण नाही चालणार.

तुझी अपराधी, आणि तरीही तुझीच,
छोटी