छंद आणि माझी मिशी

३ मार्च
हिला छंद लागलाय म्हणे! दर शनिवारी दुपारी बाहेर. कसला छंद म्हणून विचारलं, तर – "आहे एक. जमला तर सांगेन." लग्नाला इतकी वर्षं झाली, स्वेटरची एक बाही कधी पुरी केली नाही बायकोने. आणि आता छंद!

५ मार्च
योगायोग बघा – शब्दकोशाच्या कचेरीत माझ्या टेबलावर नेमका 'छ' आलाय. आमच्याकडे नुसता अर्थ लिहून भागत नाही. प्रत्येक अर्थाला कुणीतरी खरोखर बोललेलं वाक्य जोडावं लागतं. आज घरूनच नेलं : 'हिला छंद लागलाय.' संपादकांनी चष्म्यावरून पाहिलं, ही म्हणजे कोण विचारलं. शेजारीण, म्हणालो.

८ मार्च
शब्द आला कुठून यावर आज वाद. संपादक म्हणाले, काही जुने पंडित तो 'झाकणे' या अर्थाच्या धातूवरून आणतात. बाकीचे आवडणे, खूश करणे यावरून. मला पहिलंच पटलं. झाकणं! त्या पंडितांच्या बायकाही दुपारच्या बाहेर जात असणार.

१० मार्च
पुन्हा शनिवार, पुन्हा गेली. सकाळी चहा आहे का म्हणून दोनदा ओरडलो. पाठमोरी उभी, उत्तर नाही. मन कुठे होतं देव जाणे. फोन वाजला की हल्ली मलाच घ्यायला लावते. माझ्यासमोर बोलायचं नसेल! संध्याकाळी दुकानात सामान घेताना ही त्या दुकानदाराच्या तोंडाकडे टक लावून बघत होती. काय आहे त्याच्या तोंडात? दातही धड नाहीत.

१३ मार्च
जेवताना एकदम म्हणाली, "अहो, मिशी काढून टाका ना." कॉलेजात असल्यापासूनची मिशी! का, तर उगीच, चेहरा मोकळा दिसेल. म्हणजे कुणाचा तरी मोकळा चेहरा हिच्या बघण्यात आहे.
भीती वाटते. लिहून टाकतो, इथे कोण बघतंय. ही गेली तर मी या घरात बोलायचं कुणाशी?

१५ मार्च
'छ' काही संपत नाही. छंदाचा आणखी एक जुना अर्थ निघाला – मर्जी. कुणाच्या छंदाने वागणे, म्हणजे त्याच्या मनाप्रमाणे चालणे. हल्ली असं कुणी बोलत नाही, वाक्य मिळेना. जागा कोरी ठेवली.

१७ मार्च
पाठलाग केला. लिहायचीही लाज वाटते.
शिलाई मशीनच्या दुकानावर एक खोली, काचेचं दार. आत अर्धगोल करून बसलेली माणसं, बहुतेक पिकल्या केसांची, त्यांत ही. समोर एक गुळगुळीत दाढी केलेला तरुण. सापडला, म्हटलं! तो तोंड हलवत होता, पण आवाज येत नव्हता. दार बंद आहे म्हणून असेल असं वाटलं. मग ही बोलली, ते मात्र बाहेर स्वच्छ ऐकू आलं – "आज घरी यायला उशीर होईल." त्याने मान डोलावली आणि हिने लहान मुलीसारख्या टाळ्या वाजवल्या.
तेव्हा कुठे दारावरची पाटी वाचली. कमी ऐकू येणाऱ्यांसाठी, ओठांवरून बोलणं ओळखण्याचा वर्ग.
तसाच जिना उतरलो. त्या चहाच्या हाका, तो फोन, तो दुकानदार. सगळं एकटीने सोसत होती, आणि मी काय काय रचत बसलो होतो! माझा वरचा ओठ तर हिला कधी दिसलेलाच नाही.

१८ मार्च
मिशी काढली. स्वयंपाकघरात हिच्यासमोर जाऊन उभा राहिलो आणि आवाज न काढता विचारलं, चहा करू का?
ही कितीतरी वेळ माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग म्हणाली, "साखर कमी घाला."