दाराजवळचं स्टूल

प्रिय आन्निक्की,

पत्र लिहायला बसले आणि तुझं नाव लिहून होतंय तोच उठावं लागलं. आता परत बसलेय. बर्चची झाडं ओकीबोकी झाली आहेत, सरोवर अजून गोठलेलं नाही. लाकडं फोडायची राहिलीत. अंगात जोर नाही, आणि मनात तर त्याहून नाही.

आपलं बोलणं तुटलं ते गेल्याच्या आदल्या उन्हाळ्यात. तौनोशी लग्न ठरल्यावर तू मला पहिल्यांदा त्याच्या घरी बोलावलंस. वेलदोड्याचा गोड पाव भाजलास, वाफेच्या आंघोळीसाठी सौना तापवलीस, आणि मी कॉफीचा कप उपडा घातला. सौनामध्येही आले नाही, डोकं दुखतंय म्हणाले. पाहुण्याने कॉफी नाकारली की घरालाच नाकारलं असं आपल्याकडे धरतात, हे मला का ठाऊक नव्हतं? तू दारापर्यंत आलीस आणि म्हणालीस, "ताई, कॉफी नको तर नको. पण माझा माणूस तुला पसंत नाही, हे सरळ तोंडावर सांगायचं होतंस." मी तशीच पायऱ्या उतरले. मला बसथांब्यावर पोचायची घाई होती, आणि त्याआधी एखाद्या झुडपाआड जायची.

तौनो मला पहिल्या दिवसापासून आवडला, गं. माझं दुखणं वेगळंच होतं. माझी लघवी सुटायची. खोकले की, हसले की, घराच्या कुलपात नुसती किल्ली घातली की सुद्धा. कपड्यांच्या आत जाड कापडाची घडी आणि पिशवीत कोरड्या चड्ड्या घेतल्याशिवाय मी उंबरा ओलांडत नसे. सौनामध्ये कपडे उतरवले असते तर ती घडी तुला दिसली असती. लहानपणापासून जिच्याशेजारी उघडी बसले, तिचीच लाज वाटावी, याचं मला फार वाईट वाटलं.

मग शहाणपणा केला आणि पाणीच तोडलं. तोंडाला कोरड आणि खाली ओल, अशी गत झाली. शेवटी कंटाळून आरोग्य केंद्रात गेले. तिथली सिस्को नावाची नर्स माझ्या मुलीच्या वयाची. मी म्हटलं, वय झालं, चालायचंच. ती म्हणाली, "पाणी तोडलंत म्हणून मूत्राशय जास्तच चिडलंय. याला वय म्हणू नका. हे दुखणं आहे, आणि दुखण्यावर उपाय असतो." तिने तपासलं, मग व्यायाम शिकवला. लघवी अडवताना आत जे आवळतं ते आवळायचं, धरायचं, सोडायचं. भांडी घासताना, बसमध्ये, पाद्रीबाबांच्या प्रवचनात, कुणाला कळतही नाही. घाई लागली की धावायचं नाही, जागीच थांबून आवळायचं आणि कळ ओसरू द्यायची. कॉफी सकाळी एकच कप. कितीतरी आठवडे काही फरक पडेना, मला रडू यायचं. मग एक दिवस कुलूप उघडलं आणि मी कोरडी होते. अजून पूर्ण बरी नाही. थकायला होतं. पण आता मी हसते.

आईचं आठवतं? पाहुणे आले की ती मऊ खुर्चीत कधी बसली नाही. दाराजवळचं लाकडी स्टूल तिचं. आपण म्हणायचो, किती साधी आपली आई. लाकूड पुसता येतं, गादी नाही, हे मला आता कळतंय. आगगाडीने कुठे जायचं म्हटलं की तिची कंबर धरायची. झाकली मूठ तिने शेवटपर्यंत झाकलेलीच ठेवली. आपल्याला काय, बाबांनाही कधी कळू दिलं नाही.

गेल्या आठवड्यात मावशीला पुरल्यावर चर्चच्या दालनात सगळे कॉफीला जमलो. तू माझ्याकडे पाहिलं नाहीस, पण मी तुझ्याकडेच बघत होते. गादीच्या खुर्च्या रिकाम्या असताना तू दाराजवळ लाकडी स्टूल ओढलंस. कुणीतरी विनोद केला तेव्हा पाय घट्ट जुळवून हसू दाबलंस. आणि कॉफी आली तेव्हा कप उपडा घातलास. तौनोचा चेहरा उतरला, बिचाऱ्याला वाटलं तू त्याच्यावरच रुसलीस. म्हणून हे पत्र. त्याला सांग, आन्निक्की, आजच सांग. आणि शनिवारी ये. मी सौना तापवते, बाकावर जाड पंचे अंथरते. माझी घडी मी खुंटीला अडकवीन, तुझी तू अडकव. आईचं स्टूल माझ्याकडेच आहे, इतके दिवस मीच त्यावर बसत होते. एकटीने जाळायचा धीर झाला नाही. तू आलीस की दोघी मिळून सौनाच्या चुलीत घालू.

तुझीच थोरली,
माइला