माळ्यावरचा भोपळा

भिमाजी, आक्काचा आशीर्वाद घे. मनातून निघत न्हाई, तरी घे.

लोणावळ्याला तळं पोहून, सायकल हाणून, मग पळून तू शर्यत मारलीस. गावानं खांद्यावर घेतलं म्हणं. माज्या पोटात लय दुखलं. पाठीला भोपळा बांधून तुला पोहाया मीच शिकवलंय.

लगीन होऊन तिकोणा पेठेला आले, लेकरू झालं, पोहणं सुटलं. आता परत धरलंय. धुण्याच्या निमित्तानं पवनेत पोहते, भिजल्या लुगड्यानं पळत घरी येते. दळणाला ह्यांची सायकल हातात धरून निघते, वळण गेलं की टांग मारते.

टपालात टाकाया पत्र ह्यांच्याच हाती द्यावं लागंल, हे वाचतील, म्हणून धाडत न्हाई; जत्रंला मीच तुज्या हातात देईन.

वाचून झालं की दोघं नदीत उतरू. माळ्यावरचा भोपळा काढ. तुला लागंल.

तुज्या आधी पोहलेली,
कस्तुराआक्का