आईच्या फोटोची आंघोळ

प्रिय ताई,

तुला नमस्कार, आणि भाऊजींना वेगळा (तुझ्यातला अर्धा त्यांना चालत नाही). गुडघे काय म्हणतात?

आठवतं, बाबा बाथरूममध्ये फोटो धूत बसायचे आणि आपण शाळेच्या घाईत दार बडवायचो? "झालं, झालं" म्हणत ते कागद जेमतेम बुचकळून बाहेर यायचे. ती घाई आता दिसायला लागली आहे. तुझ्या भिंतीवरचा आईचा फोटो (हसताना तेवढा एकच) मागच्या भेटीत पाहिला, तर सगळा तपकिरी, हनुवटी जवळजवळ गेलेली. फोटो पक्का करायचं ते हायपो कागदाच्या धाग्यांत राहिलं, की वर्षानुवर्षं आतली चांदी खात बसतं म्हणे. (शाळेतल्या सिस्टरनी हे सांगितलं असतं, तर मी रसायनाच्या तासाला जागी राहिले असते.)

निगेटिव्ह माझ्याकडे होती, म्हणून नव्या प्रती काढल्या आणि धुवायला टबात टाकून नळ सोडून ठेवला. वरची टाकी संपली. खालचे वकील तोंडाला साबण तसाच ठेवून दारात. "वहिनी, हत्ती धुताय का?" मी म्हटलं, "नाही, आईला." आईला जाऊन किती वर्षं झाली हे त्यांना माहीत आहे, बिचारे कठडा धरून उभे राहिले.

मग वाचलं, की नळ वाहता ठेवायलाच नको. टब भरायचा, कागद मुरू द्यायचे, पाणी तळातून सोडून पुन्हा भरायचं. कागदांवरून निथळलेल्या पाण्यात जांभळ्या परमँगनेटचा थेंब टाकायचा; रंग टिकला तर हायपो गेलं. माझा रंग दर वेळी उडायचा. मी पाण्याला दोष दिला, ह्यांनी मला. शेवटी उजेड पडला: प्रत्येक नवी प्रत मी हायपोतून काढून सरळ धुतलेल्यांच्या टबात सोडत होते, आंघोळ झालेल्या पोरांत चिखलातलं पोर बसवावं तशी. वेगळी बादली घेतली आणि काल थेंब जांभळाच राहिला. ह्यांना हाक मारून दाखवला. "छान. आता मी आंघोळ करू का?"

तुझी,
धाकटी

ता. क. सोबत तीन प्रती आहेत. एक तुझी, एक दादाची, एक मावशीला. ती "यात मी कुठे?" विचारेल, तर तिला सांग, आई तुझ्याकडेच बघून हसतेय.

आणखी एक. जुना फोटो टाकू नकोस, मला पाठव. त्याच्या कोपऱ्यात बाबांच्या ओल्या अंगठ्याचा डाग आहे. नव्या प्रती इतक्या स्वच्छ निघाल्यात, की त्यांत बाबा कुठेच नाहीत. पाण्याजवळ नेणार नाही, शब्द देते.