नोएलाला काहीही देऊ नये

मी, क्लोडेट मिशो, वय सदुसष्ट, व्यवसाय समुपदेशन, राहणार सेंट रेमी, मेन राज्य, असे लिहून ठेवते की माझ्या हृदयाची एक झडप नीट मिटत नाही, पण डोके ठिकाणावर आहे आणि तसे डॉक्टरांनी मी न विचारता सांगितले आहे. हे मृत्युपत्र मी कोणाच्या दबावाखाली करत नाही. उलट "आत्ताच कशाला?" म्हणणाऱ्या सगळ्यांच्या नाकावर टिच्चून करत आहे.

यापूर्वीचे मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात घर, समोरच्या दोन खोल्या आणि माझ्याकडे बोलायला येणारी माणसे, सगळे नोएला सीर हिच्या हवाली होते. ते का बदलले हे आधी सांगते, नाहीतर लोक म्हणतील की आमचे भांडण झाले. भांडण झालेच आहे, पण कारण वेगळे आहे.

नोएला बटाटे पिकवणाऱ्या शेतकऱ्याची मुलगी. माझ्या हाताखाली शिकली, परवाना मिळवला आणि आता शेजारच्या खोलीत बसते. नात्याने माझी कोणी नाही, मावशी म्हणते. तिला समुपदेशक घडवणारी प्राध्यापक व्हायचे आहे आणि त्यासाठीच्या डॉक्टरेटला तिने ओहायोत अर्ज केला आहे. आम्ही सरहद्दीवरची, घरात फ्रेंच बोलणारी माणसे, पण आमच्या पिढीला शाळेत ती बोलली की कोपऱ्यात उभे करत. म्हणून आमची माणसे बँकेत आणि इस्पितळात इंग्रजी बोलतात, पण रडू आले की फ्रेंचवर येतात. बाहेरून शिकून आलेल्या समुपदेशकांना नेमका तेव्हाच काही कळेनासे होते, आणि दुसरा हिवाळा यायच्या आत ते निघून जातात. असे कान कसे तयार करायचे हे नोएलाला शिकवायचे आहे. माझ्या मते ती ते करू शकते, आणि मी सहजासहजी कोणाचे कौतुक करत नाही.

गेल्या वर्षी तिला मुलाखतीला बोलावले होते. त्याच आठवड्यात मी चर्चच्या स्वयंपाकघरात कोसळले आणि तिने अर्ज मागे घेतला. मला विचारलेसुद्धा नाही. यंदा पुन्हा बोलावले आहे. तिसऱ्यांदा बोलावणार नाहीत, हे तिथल्या एका बाईंनी तिला फोनवर स्पष्ट सांगितले. मुलाखत येत्या शुक्रवारी सकाळी आहे. माझे ऑपरेशनही शुक्रवारी सकाळीच आहे. शुक्रवारी तेरा तारीख म्हणजे अपशकुन, म्हणून माझा भाऊ रेजाँ खिशात जपमाळ घेऊन फिरतो आहे. ऑपरेशनला दुसरी तारीख उन्हाळ्यापर्यंत नाही आणि झडप तोवर थांबणार नाही.

"मी जाणार नाही," नोएला म्हणाली. "इथे तुझी छाती उघडणार, आणि मी तिकडे प्राध्यापकांसमोर बाकीच्या उमेदवारांबरोबर गोल करून बसू?"

"गोल करून बसायचंच शिकवलं ना तुला?"

"चेष्टा नको, मावशी. बाहेर कोण थांबणार?"

"रेजाँ थांबेल."

"रेजाँमामा? तो डॉक्टरांशी बटाट्याच्या भावावरून वाद घालेल."

"घालू दे. डॉक्टरांनाही जरा घाम फुटू दे."

ती हसली नाही. "आणि तुझं काही बरंवाईट झालं तर? ही सगळी माणसं कोणाच्या भरवशावर? कागदावर नाव माझं आहे."

तिचे बरोबर होते. आमच्या धंद्यात प्रत्येकीला लिहून ठेवावे लागते की आपण गेल्यावर नोंदींच्या कपाटाची किल्ली कोणाकडे जाईल आणि येणाऱ्या प्रत्येकाला फोन करून कोण सांगेल, म्हणजे कोणी दुःख घेऊन बंद दारासमोर उभे राहू नये. त्या कागदावर नोएलाचे नाव मीच घातले होते, आणि त्यानेच तिचे पाय बांधले. म्हणून आता पुढीलप्रमाणे.

कलम एक. घर रेजाँला द्यावे. "क्लोडेट नुसतं ऐकायचे पैसे घेते" असे तो आयुष्यभर गावभर सांगत आला. आता त्याने समोरच्या दोन खोल्या, तिथे कोणीतरी ऐकायला बसत आहे तोवर, भाडे न घेता तशाच ठेवाव्यात. तिथे बटाट्याची पिंपे रचलेली दिसली तर घर चर्चला जाईल.

कलम दोन. माझी माणसे, कपाट आणि किल्ली आद्रिएन पेल्तिए हिच्याकडे जावीत. होय, त्याच आद्रिएनकडे. डोंगराच्या पलीकडच्या गावात तीही हेच काम करते. एका मयताच्या जेवणात ती सगळ्यांसमोर म्हणाली होती की क्लोडेटकडे लोक मन मोकळं करायला नाही, प्लॉय खायला जातात. मी कुट्टूच्या पिठाची ही धिरडी करते आणि आलेल्याला वाढते, हे खरे आहे. पण ते बोलणे मला लागले आणि त्यानंतर मी तिच्याशी बोलले नाही.

सोमवारी तिच्या दारात जाऊन उभी राहिले. तिने दार उघडले.

"इतक्या वर्षांनी?"

"मरायची शक्यता आहे."

"मग आत ये. उघड्या दारातून सगळी ऊब चालली."

मी बसले नाही. बसले असते तर बोलणे जमले नसते. "माझं काही झालं तर माझी माणसं घेशील?"

"प्लॉय करावे लागतील?"

"नाही."

"मग ती येणार नाहीत," ती म्हणाली. मग तिने चहा ओतला आणि किल्ली कुठे असते ते विचारले. मला तेव्हा रडू आले, हे इथे लिहून ठेवते, कारण ती ते गावभर सांगणारच आहे.

कलम तीन. माझी खुर्ची आद्रिएनला द्यावी. खुर्ची करकरते. समोरच्याला वाटते की ऐकणारी कंटाळली. तिला कळू दे. प्लॉयचा बिडाचा तवा रेजाँच्या बायकोला. बर्फ उपसायचे फावडे पोस्टातल्या लोकांनी नेले आहे, ते परत मागू नये.

कलम चार. नोएला सीर हिला काहीही देऊ नये. घर नाही, खोली नाही, माणसे नाहीत, आठवण म्हणून कपबशीदेखील नाही. तिच्या अर्जासोबतच्या निबंधाचे पहिले पान सगळे माझ्यावर होते. मी ते काढायला लावले. "त्यांना तू हवी आहेस, माझी शोकसभा नाही," असे मी म्हणाले आणि ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिथे उमेदवारांना एकमेकांसमोर बसवतात. एकाने आपली खरी अडचण सांगायची, दुसऱ्याने ऐकायची, आणि प्राध्यापक भिंतीकडेला बसून बघत राहतात. त्या वेळी तिचे चित्त तिथेच असावे, एवढेच मला हवे आहे. शिकून तिने इकडे परत यावे अशी अट नाही. तिच्या पाठीला मी काहीही बांधून देत नाही.

कलम पाच. शुक्रवारी मी टेबलावरच गेले, तर नोएलाची मुलाखत संपेपर्यंत तिला कोणी फोन करू नये. रेजाँने तर मुळीच करू नये, त्याला खोटे बोलता येत नाही. मला मरणाची भीती वाटते. पण ती विमानतळावरून मागे फिरेल याची जास्त वाटते.

पुरवणी, त्याच दिवशी, माझ्या स्वयंपाकघरात. हे लिहिणे भाग आहे.

पोस्टमास्तर जेराल्दीन दुबे साक्षीला आली. दुसरा साक्षीदार म्हणून गावाबाहेर राहणारा ओनेझिम यायचा होता. त्याच्या रस्त्यावरचा बर्फ अजून काढलेला नाही, त्यामुळे तो अडकला. उद्या सकाळी मला इस्पितळात भरती व्हायचे आहे, तेव्हा सही आजच हवी. एवढ्यात नोएला आली. तिची बॅग भरलेली नव्हती. तिने कागद उचलला आणि उभ्यानेच वाचला.

"म्हणजे मला काहीच नाही?"

"काहीच नाही."

"तवासुद्धा?"

"तवा रेजाँच्या बायकोला."

"ती त्यावर अंडी तळेल!"

"तळू दे."

मग ती कलम पाचवर आली आणि तिचा चेहरा लाल झाला. "हे कोणी लिहिलं? समोरच्याला बातमी पेलणार नाही हे आपण ठरवायचं नसतं, हे मला कोणी शिकवलं?"

"मी."

"मग खोड ते."

"खोडलं तर तू अर्ध्या वाटेवरून परत येशील."

"येईन, नाही येणार, ते माझं मी बघेन. पण तू माझ्यापासून लपवणार असशील, तर मी या घरातून हलणार नाही."

"पोस्ट उघडं टाकून आलेय मी," जेराल्दीन म्हणाली. "काय ते ठरवा दोघी."

मी कलम पाच खोडले. रेघ वाकडी आली आहे. ती माझीच आहे, वकिलांनी शंका घेऊ नये.

"दुसरा साक्षीदार कुठाय?" नोएलाने विचारले.

"अडकला," जेराल्दीन म्हणाली. "आणि वकिलाचं म्हणणं, ज्याला यातलं काही मिळतं त्याची सही नको. या गावात असा माणूस आणायचा कुठून? हिने फावडंसुद्धा आम्हाला देऊन टाकलंय."

नोएला खुर्चीत बसली. कलम चार तिने पुन्हा वाचले, सावकाश, ओठ हलवत. मी ओट्याला धरून उभी होते. छातीत धडधडत होते आणि ते झडपेमुळे नव्हते.

"पेन दे," ती म्हणाली.

"विचार करून सही कर. एकदा केलीस की यातलं काही तुझं नाही."

"वाचलंय मी, मावशी. पेन दे."

कलम पाच वगळता वरील सर्व कायम आहे. वाचून, समजून, दोघींच्या देखत सही केली.

ठिकाण: सेंट रेमी, मेन
दिनांक: बुधवार, ११ फेब्रुवारी २०२६
सही: क्लोडेट मिशो

साक्षीदार:

१. जेराल्दीन दुबे, पोस्टमास्तर, सेंट रेमी. फावडे पोस्टाचे आहे, माझे नव्हे.

२. नोएला सीर. या मृत्युपत्रात मला काहीही मिळत नाही. कलम पाच माझ्यासमोर खोडले. बातमी कसलीही असो, मला लगेच कळवावी. उद्या दुपारच्या विमानाने निघते. येते, मावशी.