एक पिस्तूल, दोन मुठी

टेंभुर्णी, ता. जाफराबाद
१४ सप्टेंबर १९५७

ती. भुजंगदादांस,
सगुणाचा शि. सा. नमस्कार वि. वि.

इकडे सारे खुशाल. मूग घरात आले. सासूबाईंचा गुडघा तेवढा त्रास देऊन राह्यलाय. पत्राचं कारण मात्र वेगळंच आहे. आबांचं पिस्तूल सुटून आलं. पोलीस अॅक्शनच्या साली ठाण्यात जमा केल्तं, तेव्हा ते पुन्हा डोळ्याला दिसंल असं मला वाटलं नव्हतं. आता परवाना माझ्या नावाचा झाला अन् ह्यांनी परवा जाफराबादेहून ते आणलं, तेलकट चिंध्यांत गुंडाळलेलं.

मी दार लावून घेतलं अन् हातात धरून बघितलं. वजन तेच. पण नळीत गंज आहे, अन् चाप इतका कडक झालाय की ओढता ओढता मनगट हलतं. तरी मळ्यात गेले, विहिरीपलीकडच्या बांधावर पत्र्याचा डबा ठेवला अन् थोडी काडतुसं उडवली. डबा जागचा हलला न्हाई. म्हैस तेवढी दावं तोडून पळाली. ह्यांचं म्हणणं, म्हशीला लागलं न्हाई त्याअर्थी नेम ठीकच म्हणायचा.

दादा, जानेवारीत औरंगाबादेला रायफल क्लबची स्पर्धा आहे. बायांना मज्जाव न्हाई असं पेपरात आलंय. मला उतरायचंय. आबा आपल्या दोघांना मळ्यात नेम शिकवायचे. तुम्ही पुढं हैद्राबादच्या फौजेत गेले, मी ह्या घरात आले, अन् माझा नेम तिथंच राह्यला. ह्यांची ना न्हाई. सासूबाई म्हणाल्या की जात्यावर बसणाऱ्या बाईचा हात काय कमी आहे का, जाऊ द्या. चाप हलका कसा करायचा ते लिहा. मला ते जमत न्हाई.

वहिनींना नमस्कार. लांब असले तरी मनातून लांब करू नये.
तुमची,
सगुणा

मस्तगड, जालना
२५ सप्टेंबर १९५७

चि. सौ. सगुणास अनेक आशीर्वाद वि. वि.

पत्र पावलं. म्हैस सुखरूप आहे हे वाचून बरं वाटलं.

नळीत रॉकेल घालून रात्रभर ठेव, मंग गजाला चिंधी बांधून पुसून काढ. चिंधी पांढरी निघेपर्यंत सोडू नको. शेवटी गोड्या तेलाचा हात फिरवशील, तो फिरवू नको. शिवणयंत्राचं तेल घे. चापाला बिलकुल हात लावायचा न्हाई. ते काम माझं. भाऊबीजेला येशील तेव्हा पिस्तूल घेऊन ये, अन् परवान्यात माझंही नाव घालून घ्यायला कचरूरावांना सांग.

आणखी एक. मलाही उतरायचंय. पिस्तूल एक असलं तरी पाळ्या वेगवेगळ्या असतात, त्यामुळे अडचण येणार न्हाई. त्याच पिस्तुलावर मी हैद्राबादेत नाव कमावल्तं. आबांनी ते तुझ्या लग्नात तुला दिलं, त्यावर मी तेव्हा बोललो न्हाई, आताही बोलत न्हाई. पण फौज मोडल्यापासून मी अमरचंद सेठच्या जिनिंगच्या फाटकावर बसतो. कापसाच्या गाड्या आत सोडायच्या अन् बाहेर काढायच्या. काम वाईट न्हाई. फक्त ते कुणालाही येतं. मला येतं ते काम ह्या गावात कुणाला लागत न्हाई, अन् मी अजून पन्नाशीही गाठली न्हाई.

तुझी वहिनी म्हणते की भाऊबीजेला ओवाळणीत काडतुसं घालणार का. विचार करून राह्यलो.

आशीर्वाद नेहमीचेच आहेत, ते नवे समजावेत.
भुजंग

मस्तगड, जालना
१ डिसेंबर १९५७

चि. सौ. सगुणास आशीर्वाद वि. वि.

भाऊबीजेला ठेवून गेलीस ते पिस्तूल आता ओळखू येणार न्हाई. सगळे भाग सुटे केले. चापाची जी कड आतल्या घोड्याला अडकते, ती तेलाच्या दगडावर घासून आरशासारखी केली. स्प्रिंगचा एक वेढा कापला. आता चाप ओढावा लागत न्हाई, नुसता मनात आणला की सुटतो. नेम धरायच्या पुढच्या मक्खीला दिव्याची काजळी धरली, म्हणजे उन्हात चमकणार न्हाई. मूठ अंगठ्याच्या बाजूनं तासली, अन् तळहाताकडं लाख अन् लाकडाचा भुसा भरून उंच केली. हातात अशी बसते, जशी हातातूनच उगवली.

काल कुंडलिकेच्या पात्रात जाऊन बघितलं. सगळ्या गोळ्या एका वाटीखाली झाकतील अशा पडल्या. मी तिथंच वाळूवर बसलो. बऱ्याच वर्षांनी असं बसलो.

कचरूरावांसोबत येऊन तूही हात साफ करून जा. येण्याचं कळव, म्हणजे वहिनी पुरणाचा घाट घालील.
भुजंग

टेंभुर्णी
१६ डिसेंबर १९५७

ती. दादांस शि. सा. न. वि. वि.

गेल्या रविवारी तुमच्याकडं आल्ते तेव्हा काही बोलले न्हाई. वहिनींनी पुरण घातल्तं, त्या घरात तोंड वाकडं करणं बराबर न्हाई. आता लिहिते.

मूठ तुमच्या हाताची झालीय. माझा तळहात तिथं पुरत न्हाई, अन् चापावर बोटाचं टोक कसंबसं पोचतं. वाळूत मी उडवलेल्या गोळ्या सगळ्या डावीकडं गेल्या, ते तुम्ही बघितलं अन् म्हणाले की सराव कमी आहे. सराव कमी न्हाई, दादा. पिस्तूल मी नीट करायला दिल्तं, तुम्ही ते तुमचं करून घेतलं. एकदा विचारलं असतं तर मी हो म्हणालेही असते. मला विचारलंच न्हाई.

भांडत न्हाई. आमच्या गावच्या रखमाजी सुताराला सांगून शिसवीची दुसरी मूठ करायला घेतलीय. मी ओली माती मुठीत दाबून त्याला साचा दिला. ती दोन स्क्रूंवरच बसते. तुमच्या पाळीला तुमची लावा, माझ्या पाळीला माझी. नाताळात ह्यांना पाठवते, त्यांच्याजवळ पिस्तूल द्या.

अन् ह्यांनी क्लबचं पत्रक वाचलं. त्यात चापाला कमीत कमी अमुक वजन पेलता आलं पाहिजे असं काही लिहिलंय म्हणे. तुमचा चाप तेवढा भार घेईल ना?

रागाचं पत्र असलं तरी माणूस रागाचं न्हाई, एवढं ध्यानात असू द्यावं.
सगुणा

मस्तगड, जालना
२२ डिसेंबर १९५७

चि. सौ. सगुणास आशीर्वाद.

दोन मुठींची तजवीज मंजूर. कचरूरावांजवळ पिस्तूल देतो. वजनाचे नियम नव्या रंगरूटांसाठी असतात, हात शिकलेल्या माणसाला कुणी विचारत न्हाई. चाप आहे तसा राहील. त्याला हात लावायचा न्हाई.
भुजंग

मस्तगड, जालना
२४ जानेवारी १९५८

चि. सौ. सगुणावन्संस द्वारकाचे अनेक आशीर्वाद वि. वि.

औरंगाबादेत काय झालं ते तुम्हीच कळवा. तुमचे भाऊ आले ते हातपाय धुऊन सरळ झोपले. दुसऱ्या दिवशी विचारलं तर म्हणाले की गर्दी फार होती. नेम कसा लागला विचारलं तर म्हणाले की सगुणाचा बरा लागला. अन् तुमचा, म्हणून विचारलं तर कंदिलाची काच पुसायला घेतली. ती काच मी सकाळीच पुसल्ती.

फाटकावर जाऊन येतात, जेवतात, भांडत बिलकुल न्हाईत. त्याचीच काळजी वाटून राह्यली. खरं काय ते लिहा, मी त्यांना दाखवणार न्हाई.

नणंद म्हणून न्हाई, बहीण समजून विचारते.
द्वारका

टेंभुर्णी
२ फेब्रुवारी १९५८

ती. सौ. वहिनींस सा. न. वि. वि.

दाखवलं तरी चालंल. झालं ते सगळ्यांसमोरच झालं.

दादांची पाळी सकाळी होती, माझी दुपारी. पाळीआधी प्रत्येक पिस्तूल तपासतात. चापाला वजन अडकवून पिस्तूल सरळ वर उचलायचं. वजन जमिनीवरून उठायच्या आत चाप सुटला तर पिस्तूल बाद. आपलं उचललं अन् वजन हलायच्या आतच टक्‌ वाजलं. तपासणारा साहेब वयानं लहान, पण बोलायला नरम होता. म्हणाला की पाळी संपायच्या आत दुरुस्त करून पुन्हा दाखवा. तेवढ्यावर भागत होतं. पण दादांचा आवाज चढला. म्हणाले, तुम्ही पाळण्यात होते तेव्हापासून मी पिस्तुलं खोलून-बांधून राह्यलो, मला वजन दाखवता का. लोक गोळा झाले. साहेबांनी नुसता पत्रकाचा कागद पुढं केला. दादांनी तो वाचला न्हाई. कुंपणाबाहेर लिंबाखाली जाऊन बसले. ह्यांनी जाऊन समजावलं, तर ह्यांनाच म्हणाले की तुम्ही शेती करा.

मंग मीच एका टेबलावर पिस्तूल खोललं. स्प्रिंगचा कापलेला वेढा तर परत येत न्हाई. साहेबांनी एक डबी दिली, त्यात बारीकसारीक पितळी चकत्या होत्या. स्प्रिंगखाली चकती घातली की ती दाबून बसंल अन् चाप जड होईल, एवढं मला कळत होतं. पण असलं काम कधी केलं नव्हतं. एक चकती मातीत पडली, ती सापडंना. स्क्रू तिरपा गेला. तेवढ्यात कुणीतरी माझ्या हातातलं पेचकस काढून घेतलं. बघते तर दादा. म्हणाले की पेचकस असं धरतात का, स्क्रूची खाच मोडशील. खाली बसले, चकती घातली, कडा पुसल्या. वजन लावलं ते उचललं गेलं.

पण तोवर त्यांची पाळी होऊन गेल्ती. मी साहेबांना विचारायला उठले तर दादांनी हात धरून बसवलं. मंग त्यांनी आपली मूठ काढली अन् माझी बसवायला घेतली. स्क्रू त्यांनीच आवळले.

चाप सरावातल्यापेक्षा जड झाला होता, म्हणून माझ्या पहिल्या गोळ्या भलतीकडं गेल्या. मंग हात बसला. सातवी आले. ह्यांनी सगळ्यांना शेव-चिवडा खाऊ घातला. दादांनीही खाल्ला, पण मोटारीत जालन्यापर्यंत खिडकीतून बाहेरच बघत आले.

वहिनी, त्यांना माझ्यावर रुसू देऊ नका. तिकडून दोन ओळी आल्या की बरं वाटंल.
सगुणा

मस्तगड, जालना
१५ फेब्रुवारी १९५८

चि. सौ. सगुणास अनेक आशीर्वाद वि. वि.

वहिनीनं तुझं पत्र मला दाखवलं. दाखवणार न्हाई म्हणाली होती, ते सोड. लिहिलंय ते बराबर आहे. कचरूरावांना मी शेतीचं बोललो ते वाईट बोललो, त्यांना तसं वेगळं लिहितो.

तुझी पाळी मी दोरीमागं उभा राहून बघितली. तुझ्या पहिल्या गोळ्या चुकल्या तेव्हा माझ्या शेजारी एक मिशीवाला हसला. त्याला काही म्हणावं असं मनात आलं होतं, पण मी तुझ्या मनगटाकडं बघत होतो. ते हलत नव्हतं. आबा गेल्यावर एवढं न हलणारं मनगट मी बघितलं न्हाई.

औरंगाबादेहून निघाल्यापासून एकच विचार करून राह्यलो की गावात विचारलं तर काय सांगायचं. तब्येत बिघडली म्हणावं, की गाडी चुकली म्हणावं. कुणी विचारलंच न्हाई. मंग परवा आमचे मुनीम गोपीकिशनजी फाटकाशी उभे राहून म्हणाले की औरंगाबादेचं काय झालं, तुम्ही जाणार होते ना. मी म्हणालो, बहिणीनं नेम मारला, मी तिचं पिस्तूल बांधलं.

ते म्हणाले, बहीण? कोणती, कुठली? अन् तिथंच स्टुलावर बसले. मी सांगायला लागलो. चहा मागवला गेला. एक गाडीवानही बैलं सोडून ऐकायला आला. मधेच बघितलं तर कापसाच्या गाड्या पार सडकेपर्यंत लागल्या होत्या. मी उठलो न्हाई.

बाकी सर्व ठीक. तुम्हा उभयतांना घरच्या सर्वांची आठवण.
तुझा,
भुजंगदादा